रीत न दाखवणारे उत्तर

स्टॅन्ली क्युब्रिकचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ हा चित्रपट १९६८ साली आला आणि त्याच साली आर्थर क्लार्कची त्याच नावाची कादंबरीही प्रसिद्ध झाली. दोघांनी मिळून रचलेल्या या कथेवर आजवर एवढे लिहिले गेले आहे, की त्यात मॅट्रिकपाशी शिक्षण थांबलेल्या एका शाळामास्तराने भर घालावी याचे कोणालाही नवल वाटेल. मलाही ते वाटते. परंतु या कथेतले जे पात्र सर्वांत अधिक गाजले, त्या हॅल नावाच्या संगणकाविषयी माझ्या वाचनात जे आले, त्यात तो खुनी आहे, खोटारडा आहे, माणसांहूनही अधिक माणूस आहे, असे सारे काही आहे. मला त्याचा जो दोष पहिल्या भेटीत जाणवला आणि पुढच्या तीन भेटींत पक्का झाला, तो या थोर आरोपांपुढे अगदीच शाळकरी आहे. हॅल रीत दाखवत नाही.

गणिताचे पेपर तपासताना दरवर्षी एक तरी अशी उत्तरपत्रिका हाती येते, की जिच्यात उत्तर बिनचूक असते आणि उत्तराच्या वर काहीच नसते. मुलगा हुशार असेल, शेजाऱ्याच्या पेपरात डोकावला असेल, किंवा त्याला ते नुसते सुचलेही असेल. मला कळायला मार्ग नसतो. मी चारांपैकी एक गुण देतो आणि समासात लिहितो, ‘रीत दाखव.’ मग पालक भांडायला येतात. उत्तर बरोबर असताना गुण का कापले, असे विचारतात. त्यांना मी एवढेच सांगतो, की आज उत्तर बरोबर आले आहे. उद्या चुकले, तर ते कुठल्या पायरीवर चुकले हे मला, तुम्हांला किंवा खुद्द चिरंजिवांना शोधता येणार नाही.

आता चित्रपटाकडे वळू. डिस्कव्हरी नावाचे यान गुरूकडे निघाले आहे. यानात पाच माणसे आहेत; त्यांपैकी तिघे शीतनिद्रेत आणि बोमन व पूल हे दोघे जागे. यानाची नाडी अहोरात्र हॅलच्या हातात आहे. एके दिवशी बोलता बोलता तो सांगतो, की पृथ्वीकडे रोखलेल्या अॅन्टेनाचा एक भाग, एई-३५ त्याचे नाव, ७२ तासांच्या आत निकामी होणार. बोमन बाहेर जाऊन तो भाग काढून आणतो. सगळ्या चाचण्या होतात. दोष सापडत नाही. हॅल शांतपणे सुचवतो, की तो भाग पुन्हा जागेवर बसवावा आणि बिघडू द्यावा. म्हणजे कारण आपोआप कळेल. पृथ्वीवरचा त्याचा जुळा संगणक म्हणतो, की हॅलचेच चुकले आहे. या विसंगतीचा उलगडा कसा करायचा, असे विचारल्यावर हॅल उत्तर देतो, की चूक माणसांची असली पाहिजे. आमच्या ९००० मालिकेत आजवर एकही चूक झालेली नाही.

क्युब्रिकने हा प्रसंग ज्या थंडपणाने बांधला आहे त्याला तोड नाही. आवाज चढत नाही, कॅमेरा धावत नाही. पण प्रसंग नीट ऐकला की लक्षात येते, की त्या खोलीत एकच प्रश्न कोणी विचारत नाही : कशावरून? एई-३५ बिघडणार हे तू कोणत्या आकड्यावरून म्हणालास? विद्युत्दाबावरून, तपमानावरून, की मोटारीच्या चालीवरून? तो आकडा कधी हलला, किती हलला, आणि तो मोजणारे यंत्र स्वतः धड आहे याची तुला खात्री काय? यांपैकी काहीही विचारले जात नाही. विचारले जाते ते मतभेदाविषयी, आणि त्याला हॅल पुराव्याऐवजी कुळाची कीर्ती सांगतो. आपल्याकडे सोयरीक जुळवताना हे चालून जाते. यानाचा भाग बदलताना चालावे, याचे मला आश्चर्य वाटते.

कादंबरीत क्लार्कने हॅलच्या वागण्याची मीमांसा केली आहे. मोहिमेचा खरा हेतू बोमन आणि पूल यांच्यापासून लपवायचा, अशी आज्ञा हॅलला आहे. सत्य सांगणे हा त्याचा स्वभाव. या ओढाताणीत त्याचा तोल जातो. मीमांसा सुंदर आहे, आणि कादंबरीकार म्हणून मला तिचा हेवाही वाटतो. पण तिने हॅलला मन मिळाले, रीत मिळाली नाही. चित्रपटाच्या अखेरीस बोमन त्याच्या स्मृतीच्या पट्ट्या एकेक करून उपसत जातो, तेव्हा हॅलला आपले मास्तर आठवतात. मास्तरांनी शिकवलेले एक गाणे तो म्हणू लागतो, आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज खोल जातो. हा प्रसंग पाहताना शिक्षकाच्या पोटात कालवल्याशिवाय राहत नाही. तथापि दुसऱ्या दिवशी माझ्या मनात आले, की त्या मास्तरांनी त्याच्याकडून पाठांतर तेवढे करून घेतले असावे.

अवकाशयानाची प्रकृती पाहणे हा काय प्रकार असतो, याची मला मुळीच कल्पना नव्हती. चित्रपटाने ती दिली नाही, म्हणून मी इकडून तिकडून पुस्तके मिळवून, शब्दकोश शेजारी घेऊन वाचू लागलो. या वाचनाने माझे समीक्षेचे मत पालटले नाही, उलट ते टोकदार झाले. म्हणून त्यातले थोडे येथे सांगतो.

यानाच्या अंगावर ठिकठिकाणी मापके बसवलेली असतात. तपमान, दाब, विद्युत्प्रवाह, टाकीतले इंधन, असे हजारो आकडे ती पाठवत राहतात. प्रत्येक आकड्याला खालची आणि वरची मर्यादा ठरवून दिलेली असते. मर्यादा ओलांडली की पृथ्वीवरच्या पडद्यावर तो आकडा पिवळा होतो, आणखी पुढे गेला की लाल. येथवर काम सोपे आहे. ते आमच्या शाळेच्या टाकीवरची तोटीही करते. कठीण भाग पुढेच सुरू होतो, कारण आकडा म्हणजे वस्तू नव्हे. थर्मामीटर ११० दाखवू लागला तर शहाणा डॉक्टर रोग्याआधी थर्मामीटरकडे पाहतो.

याचे सर्वांत नाट्यमय उदाहरण चित्रपटानंतर अवघ्या दीड वर्षाने घडले. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२ भर पावसात उडाले. ३६व्या सेकंदाला त्याच्यावर वीज पडली आणि ५२व्या सेकंदाला पुन्हा पडली. यानातले विद्युत्घट तुटून बाजूला पडले आणि ह्यूस्टनच्या पडद्यांवर आकड्यांचा शब्दशः काला झाला. यानाचे खरोखर काय झाले आहे हे कोणालाच कळेना. विद्युत्व्यवस्थेच्या मेजावर जॉन एरन नावाचा २६ वर्षांचा तरुण बसला होता. त्या निरर्थक आकड्यांची ठेवण त्याला ओळखीची वाटली. सुमारे वर्षापूर्वी एका चाचणीत तो नुसता पाहत बसला असताना असाच काला त्याच्या पडद्यावर झाला होता. ते त्याच्याकडे सोपवलेले काम नव्हते. पण त्याला चैन पडले नाही आणि त्याने कारण हुडकून काढले. मापकांचे संकेत जुळवून पाठवणारी एक पेटी असते. तिला वीज कमी पडली की ती असे काहीबाही बोलू लागते, आणि तिचा खटका पर्यायी बाजूला टाकला की ती ताळ्यावर येते. एरनने तो खटका टाकायला सांगितले. मोहिमेच्या संचालकाला तो खटका ठाऊक नव्हता, यानाच्या कप्तानाला ठाऊक नव्हता. तिसऱ्या आसनावरच्या अॅलन बीनला तो कुठे आहे हे आठवले. खटका पडला, आकडे परत आले, विद्युत्घट पुन्हा जोडले गेले, आणि यान चंद्रावर जाऊन आले.

पाचच महिन्यांनी, १३ एप्रिल १९७० च्या रात्री, अपोलो १३ च्या प्राणवायूची टाकी फुटली, तेव्हा त्याच मेजावर साय लीबरगॉट होता. एवढे सगळे आकडे एकदम बिघडणे शक्यच नाही, तेव्हा दोष मापकांचाच असणार, असे त्याला आधी वाटले. वाटणे अगदी रास्त होते. पण या खेपेस आकडे खरे होते. एकदा यान धडधाकट आणि आकडे वेडे. एकदा आकडे शहाणे आणि यान मरणाच्या दारात. या दोन रात्री शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे एई-३५ चा प्रसंग किती मोलाचा होता आणि तो किती थोडक्यात गुंडाळला गेला, हे ध्यानात यावे.

एरनसारख्या माणसाच्या डोक्यात जे आहे ते यंत्राला सांगून ठेवता येईल काय, या प्रश्नातून पुढे तज्ज्ञ-प्रणाली नावाचा प्रकार निघाला. त्याची सुरुवात अवकाशात झाली नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात मायसिन नावाची एक प्रणाली तयार झाली. रक्तातल्या जंतुदोषावर कोणते औषध द्यावे याचा ती सल्ला देई. तिच्यात काही शे नियम होते, आणि प्रत्येक नियमाची घडण एकच : अमुक असेल आणि तमुक असेल, तर अमके समजावे. तिचे यशापयश वैद्यांनी ठरवावे. माझे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. प्रणाली एखादा प्रश्न विचारू लागली किंवा निष्कर्ष सांगू लागली, की समोरच्या डॉक्टरला तिला दोन शब्दांत अडवता येत असे. ‘का?’ असे विचारले की ती आपण कोणत्या नियमापाशी आहोत हे सांगे, ‘कसे?’ असे विचारले की कुठल्या पायऱ्या चढून येथे आलो ते सांगे. मी हे वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. बोमनने जो प्रश्न विचारला नाही, त्याचे उत्तर देण्याची सोय या लोकांनी यंत्रातच करून ठेवली होती.

अवकाशाच्या कामात ही विद्या १९८५ नंतर शिरली. ह्यूस्टनच्या केंद्रात अशा प्रणाली लिहिण्यासाठी क्लिप्स नावाचे एक साधन तयार झाले. चॅलेंजरच्या अपघातानंतर सप्टेंबर १९८८ मध्ये शटलची उड्डाणे पुन्हा सुरू झाली, तेव्हा जुन्या मेजांच्या शेजारी नवे छोटे संगणक मांडलेले होते आणि येणाऱ्या आकड्यांवर ते नियम लावून पाहत होते. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत ऑगस्ट १९८९ मध्ये व्हॉयेजर २ नेपच्यूनजवळून गेले, त्या वेळी त्याच्या संदेशवहन व्यवस्थेवर शार्प नावाची प्रणाली नजर ठेवून होती. यानाचा संदेश पृथ्वीवर पोचायला तेव्हा ४ तासांहून अधिक वेळ लागत असे. म्हणजे ज्याला तत्क्षणी पाहणे म्हणतात ते चार तासांपूर्वीचे पाहणे होते. असे असूनही घाई होतीच, कारण यान थांबणार नव्हते. त्या ग्रहाची गाठ एकदाच पडायची होती.

या नियमांची भाषा कशी असेल याचे मला कुतूहल होते. मी माझ्यापुरता एक मराठीत रचून पाहिला. ‘यानाकडून येणारा संकेत क्षीण झाला असेल, आणि यानातल्या प्रक्षेपकाची शक्ती नेहमीइतकीच असेल, आणि संकेत घेणाऱ्या केंद्रावर जोराचा पाऊस पडत असेल, तर दोष यानात शोधू नये.’ हे गद्य म्हणून मला वाईट वाटत नाही. त्यात एकही शब्द शोभेचा नाही. सहदेव-भाडळीच्या पर्जन्यवचनांची घडण अशीच असते; फरक एवढाच, की भाडळीला कोणी ‘कशावरून’ विचारू शकत नाही. या वाक्याला मात्र तीन ठिकाणी हात घालता येतो. पाऊस खरोखर पडतो आहे काय? प्रक्षेपकाची शक्ती कोणी मोजली? दोन्ही खरे असले तरी तिसरेच काही घडलेले असणार नाही कशावरून? वाक्यानेच आपल्या शंका बाहेर मांडून ठेवल्या आहेत. हॅलच्या संवादांत, ते कितीही मोहक असोत, असा हात घालायला जागा नाही.

नियम लिहिणे सोपे आणि मिळवणे महाकठीण, असे हे काम करणारे सगळेच सांगतात. तज्ज्ञाला विचारावे, तुम्हांला हे कसे कळते? तो म्हणतो, दिसतेच की. माझ्या आईला मी एकदा विचारले होते, भाकरी टाकण्याइतका तवा तापला हे तुला कसे कळते? ‘कळते,’ ती म्हणाली. मी हटून बसलो तेव्हा तिने पाण्याचा हात तव्यावर शिंपडला आणि थेंब कसे पळतात ते दाखवले. वर म्हणाली, की हे मी करत नाही, तू विचारलेस म्हणून केले. प्रणाली रचणाऱ्या माणसाला अशा शेकडो आयांच्या शेजारी महिनोन्‌महिने बसावे लागते. हे काम कोणाचे आहे? मला तरी ते कादंबरीकाराचे वाटले. आम्हीही माणसांशेजारी बसतो आणि जे त्यांनी कधी शब्दांत घातलेले नसते ते काढून घेण्याची खटपट करतो. किंवा करतो असे म्हणतो.

येथे मला स्वतःविषयी थोडे सांगणे भाग आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत खेड्यातला एक म्हातारा कंपाउंडर आहे. एक बाई तापाने फणफणून दवाखान्यात येते. डॉक्टरांसकट सगळे हिवताप म्हणतात. कंपाउंडर तिच्याकडे एकदा पाहतो आणि म्हणतो, हा हिवताप नव्हे, हिला तालुक्याला न्या. बाई वाचते. परीक्षणांत या प्रसंगाची स्तुती झाली. अनुभवाचे शहाणपण, ग्रामीण माणसाची अंतर्दृष्टी वगैरे शब्द पडले. मग एका निवृत्त परिचारिकेचे पोस्टकार्ड आले. पुस्तक आवडल्याचे लिहून त्यांनी खाली एक ओळ लिहिली होती : तुमच्या कंपाउंडरने हिवताप नाही हे कशावरून ओळखले, तेवढे कळवावे.

मला कळवता आले नाही, कारण मला ठाऊक नव्हते. मी उत्तर लिहिले होते, रीत लिहिली नव्हती. मुलांना जे एक गुण देऊन परत पाठवतो, ते मी स्वतः छापून विकले होते. हॅलविषयी लिहिताना माझी लेखणी जरा कठोर झाली असेल, तर त्याचे कारण हे आहे. क्लार्कने आणि क्युब्रिकने जे केले तेच मी केले होते : जाणतेपण दाखवायचे तर त्याच्याभोवती मौन ठेवायचे, म्हणजे वाचक दबतो. युक्ती जुनी आहे आणि हमखास लागू पडते.

आता कोणी म्हणेल, रीत दाखवली म्हणजे उत्तर बरोबर असतेच असे थोडेच आहे? नसते. २९ जुलै १९८५ रोजी चॅलेंजर शटल उडाल्यानंतर ५ मिनिटे ४५ सेकंदांनी त्याच्या तीन इंजिनांपैकी मधले बंद पडले. इंजिन उत्तम होते. त्याच्यातली तपमान मोजणारी दोन मापके बिघडली होती; तपमान मर्यादेपलीकडे गेले तर इंजिन बंद करावे असा नियम होता, आणि यंत्राने तो इमानेइतबारे पाळला. थोड्याच वेळात दुसऱ्या इंजिनातले तसेच मापक बिघडू लागले. तेही इंजिन बंद पडते तर पुढे काय झाले असते ते सांगायला नको. ह्यूस्टनमध्ये इंजिनांच्या मेजावर बसलेल्या जेनी हॉवर्ड यांनी काही क्षणांत ओळखले, की दोष मापकांचा आहे, आणि मर्यादा ओलांडल्यावर इंजिन आपोआप बंद करण्याची व्यवस्था रोखून धरायला सांगितले. यान ठरल्यापेक्षा खालच्या कक्षेत का होईना, पण पोचले, आणि मोहीम पार पडली.

हा प्रसंग मला एई-३५ चे खरे उत्तरकांड वाटतो. नसलेला दोष यंत्राने दाखवला. माणसाने तो खोडला. पण खोडता आला, कारण यंत्र कोणत्या आकड्यावरून आणि कोणत्या नियमाने वागते आहे हे तिला माहीत होते. चुकलेली पायरी डोळ्यांसमोर होती. हॅलच्या बाबतीत बोमनच्या डोळ्यांसमोर काय होते? एक लाल डोळा आणि एक मऊ आवाज. त्यामुळे मग त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात : विश्वास ठेवायचा, नाही तर स्मृतीच्या पट्ट्या उपसायच्या. कथेतल्या खुनांचे मूळ मला हॅलच्या मनोविकृतीत शोधावेसे वाटत नाही. ते या दोनच वाटांच्या रचनेत आहे.

शीतनिद्रेतल्या तिघांचा मृत्यू पाहा. पडद्यावर त्यांच्या हृदयाच्या, श्वासाच्या रेषा वर-खाली होत असतात. एकेक करून त्या सरळ होत जातात आणि यंत्र तशी अक्षरेही झळकवते. रक्त नाही, किंकाळी नाही. प्रकृती पाहणारी व्यवस्था शेवटपर्यंत अगदी अचूक बातमी देते आहे. मारेकरीही तीच आहे. ही या चित्रपटातली सर्वांत मोठी जागा असे माझे मत आहे. तिथे क्युब्रिक जे दाखवून गेला ते क्लार्कला साधलेले नाही : काय झाले हे तंतोतंत सांगणारे यंत्र का झाले हे मुळीच न सांगता असू शकते.

खरा हॅल म्हणून ज्याच्याकडे लोकांनी पाहिले, तो मे १९९९ मध्ये अवतरला. डीप स्पेस १ या यानावर रिमोट एजंट नावाचा कार्यक्रम चढवला गेला. त्याने स्वतः बेत आखावे, यानाची प्रकृती पाहावी, बिघाड ओळखून उपाय करावा, अशी योजना होती. १७ मे रोजी त्याच्या हाती कारभार गेला आणि दुसऱ्या दिवशी तोच अडकून बसला. त्याच्या आतले दोन भाग एकमेकांची वाट पाहत थांबले. लखनवी ‘पहले आप’ची गोष्ट. कोट्यवधी किलोमीटरांवरून अभियंत्यांनी त्याची आतली स्थिती मागवून पाहिली, गाठ कुठे बसली ते शोधले, आणि २१ मे रोजी त्याला पुन्हा काम दिले. मुद्दाम घडवलेले तीन खोटे बिघाड त्याने नीट ओळखून निस्तरले. कोणी कोणाला मारले नाही. चित्रपटाला हे कथानक कोणी विकत घेणार नाही हे मी जाणतो. पण वैद्यच आजारी पडतो आणि दुरून त्याची नाडी पाहावी लागते, ही कल्पना एखाद्या चांगल्या कादंबरीला पुरेल.

नियमांच्या या विद्येची एक मर्यादा आहे आणि ती लपवून चालणार नाही. ज्या बिघाडाचा विचार तज्ज्ञाने कधी केलाच नाही, त्याचा नियम असत नाही. म्हणून अलीकडे निराळी यंत्रे आली आहेत. त्यांना नियम सांगत नाहीत. यान ठीक असतानाचे जुने आकडे दाखवतात आणि त्यांनी आपल्याआपण सवयी ओळखाव्या असे म्हणतात. २०१८ साली जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या लोकांनी मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीच्या आणि पृथ्वीची माती तपासणाऱ्या स्मॅप उपग्रहाच्या आकड्यांवर अशा एका पद्धतीचे प्रयोग प्रसिद्ध केले. यंत्र पुढचा आकडा काय येईल याचा अंदाज बांधते. प्रत्यक्ष आकडा फार निराळा आला की बोट दाखवते. कोणालाही न सुचलेला बिघाड अशा यंत्राच्या नजरेस पडू शकतो, हा त्याचा मोठा गुण. पण ‘कशावरून?’ विचारले तर ते काय सांगणार? नेहमीसारखे दिसत नाही, एवढेच. माझ्या आईचे ‘कळते’ पुन्हा परत आले, आणि या खेपेस तव्यावर पाणी शिंपडून दाखवायला आई नाही. तूर्त ते काम माणसेच करतात. यंत्र बोट दाखवते आणि अभियंता कारण शोधायला बसतो. हॅलची बैठक मात्र पुन्हा तयार होऊ लागली आहे, असे मला राहून राहून वाटते. १९६८ चा चित्रपट आज नव्याने पाहावासा वाटतो तो यासाठी.

व्हॉयेजर १ ने नोव्हेंबर २०२३ मध्ये निरर्थक आकडे पाठवायला सुरुवात केली, तेव्हा ते सुमारे २४०० कोटी किलोमीटर दूर होते आणि निरोप जायला साडेबावीस तास लागत. महिनेच्या महिने गेले. अखेर यानाच्या एका संगणकाची सगळी स्मृती जशीच्या तशी मागवण्यात आली आणि पूर्वी आलेल्या तशाच नोंदीशी ती ताडून पाहिली गेली. स्मृतीचा सुमारे ३ टक्के भाग नासला होता. तिथला मजकूर तुकडे करून दुसरीकडे हलवला, आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा समजेल असे बोलू लागले. दोन कागद शेजारी ठेवून ओळीमागून ओळ ताडणारी ती माणसे माझ्या डोळ्यांसमोर येतात. आमच्या हेडमास्तरांची हजेरीपट तपासण्याची रीत याहून वेगळी नाही.

त्या परिचारिकाबाईंना मी शेवटी वर्षभराने उत्तर पाठवले. दरम्यान एका डॉक्टरांच्या बाह्यरुग्ण कक्षात मे महिन्याच्या सुटीतले पंधरा दिवस कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून काढले होते. नव्या आवृत्तीत कंपाउंडर बाईला आधी विचारतो, गवत कापायला गेली होतीस का. मग डॉक्टरांना सांगून नर्सकडून तिची कंबर तपासवून घेतो. लुगड्याच्या गाठीखाली, विडीचा चटका बसावा तशी एक काळी खपली असते. गवतातला बारीक किडा चावल्याची ती खूण. तिला ती दुखतही नव्हती, म्हणून कोणाला सांगितली नव्हती. पूर्वी हा प्रसंग चार ओळींचा होता, आता त्याची सव्वादोन पाने झाली आहेत. प्रकाशकांचे म्हणणे, की कंपाउंडर पूर्वीइतका थोर वाटत नाही.